ब्रिटिश म्युझियममधली ‘बायबल टूर’: लाखीशसाठी जा, बाकी कान उघडे ठेवून ऐका

५ पैकी ३.५. म्युझियमला तिकीट नाही, पैसे मोजायचे ते गाइडचे. तेही लेकीने भरले, त्यामुळे मी जरा सढळ हाताने गुण दिलेत.

नगरला वर्षानुवर्षं संडे स्कूल घेतलंय, त्यामुळे यहूदाचा राजा हिज्कीया आणि त्याच्यावर चालून आलेला अश्शूरचा राजा सन्हेरीब ही घरचीच नावं. सन्हेरीबाने वेढा घातलेल्या यहूदाच्या लाखीश नगराच्या खोलीत शिरल्यावर मात्र बोलतीच बंद झाली. सन्हेरीबाच्या निनवेतल्या राजवाड्यातल्या या कोरीव शिळा, प्रसंग इ.स.पू. ७०१ चा. रचलेल्या चढावरून तट फोडायची यंत्रं वर सरकताहेत, तटावरून पेटते पलिते पडताहेत. एक सैनिक लांब दांड्याच्या पळीने स्वतःच्याच यंत्रावर पाणी ओततोय, ते पेटू नये म्हणून! एकीकडे सुळावर दिलेले कैदी, दुसरीकडे बोचकी लादलेल्या बैलगाड्या आणि त्यांवर बसलेली बायकापोरं. सिंहासनावरच्या सन्हेरीबाचं तोंड कुणीतरी मुद्दाम फोडलंय. तो चढ लाखीशला उत्खननात सापडलाय, हे गाइडने छान सांगितलं. इथे त्याने घाई केली नाही, त्याचे पूर्ण गुण.

वरच्या मजल्यावर गाडी घसरली. तिथे सन्हेरीबाचा मातीचा सहा बाजूंचा लेख आहे. यहूदाची ४६ तटबंदी नगरं घेतली, हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पाखरासारखं यरुशलेमात कोंडलं, अशी त्यात फुशारकी. यरुशलेम जिंकल्याचं मात्र अवाक्षर नाही. खंडणीत ३० किक्कार (जुनं वजन) सोनं, बायबलातल्या २ राजे १८:१४ मध्येही तेवढंच. गाइड म्हणाला, बघा, जुळलं! आणि चांदी? बायबलात ३००, लेखात ८००. मी विचारलं तर हसून पुढे निघाला. अहो, न जुळणारं सांगितलं म्हणून कुणाची श्रद्धा ढळत नाही. एक आकडा जुळतो, दुसरा नाही, यातच तर खरी गंमत आहे.

इराणी राजा कोरेश (सायरस) याच्या लेख कोरलेल्या मातीच्या दंडगोलापाशी तेच. ‘यहूद्यांना परत पाठवल्याचा पुरावा’ म्हणून मोकळा झाला. त्या लेखात यहूद्यांचं किंवा यरुशलेमचं नावही नाही. बाबेलमध्ये आणून ठेवलेल्या देवमूर्ती आणि माणसं आपापल्या ठिकाणी परत पाठवल्याचं सर्वसाधारण वर्णन आहे. बायबलातल्या एज्राच्या पुस्तकाशी ते सुसंगत आहे, एवढंच म्हणता येईल, आणि तेही काही कमी नाही.

काळ्या स्तंभावर अश्शूरचा राजा शल्मनेसर याच्यापुढे लोटांगण घालणारी आकृती जरूर बघा. लेखात नाव इस्राएलचा राजा येहू याचं, पण त्याला म्हटलंय आधीचा राजा अम्री याचा मुलगा. अम्रीचं घराणं संपवलं ते याच येहूने! यावर कुणीच काही बोललं नाही, गर्दीत आम्हाला पुढे ढकललं गेलं.

घोळका मोठा, गाइडचा आवाज मागे पोचत नाही, आणि फिरणं भरपूर. गुडघे दुखत असतील तर टूर घेऊच नका. मराठी बायबल पिशवीत टाका, २ राजे १८ आणि १९ वाचून या आणि थेट लाखीशच्या खोलीत जाऊन उभे राहा.