अश्वगंधा, सात महिन्यांनंतर: थकवा गेला, पण श्रेय कोणाला द्यायचं ते कळायला वेळ लागला

आधी माझी अवस्था काय होती ते सांगते. सात-साडेसात तास झोपून उठायचे आणि एक मोजा घालून दुसरा हातात धरून पलंगाच्या कडेला नुसती बसून राहायचे, दहा दहा मिनिटं. दुखत काही नाही, रडूही येत नाही, फक्त दुसरा मोजा चढवायचं त्राण नाही. दिवस कसाबसा ढकलायचा, आणि रात्री साडेदहाला बरोब्बर तरतरी! कामाचं टेन्शन वर्षभर चालूच होतं त्यामुळे हे त्याचंच, असं मी स्वतःच ठरवून टाकलेलं.

शोधायला बसलं की जिथेतिथे ‘अ‍ॅड्रिनल फटीग’. ताणाने मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी थकतात, कॉर्टिसोल हे ताणाचं हार्मोन संपतं वगैरे. ऐकायला इतकं पटतं की मी दोन आठवडे तेच धरून बसले. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की असं निदानच नाही, एंडोक्राइनवाले (हार्मोनचे तज्ज्ञ) ते मानत नाहीत, अ‍ॅड्रिनल खरंच बंद पडतात तो अ‍ॅडिसन्स वेगळा आणि गंभीर आजार. मग सीबीसी, थायरॉईड, बी१२, डी आणि फेरिटिन करायला लावलं. हिमोग्लोबिन छान, बाकी सगळं ठीक, फेरिटिन फक्त 11. म्हणजे रक्त दिसायला नॉर्मल पण लोहाचा साठा तळाला गेलेला, आणि नुसत्या तेवढ्यानेही थकवा येतो हे मला तेव्हा कळलं. आयर्नच्या गोळ्या एक दिवसाआड सुरू झाल्या (रोजच्यापेक्षा अशा घेतल्या की शोषण बरं होतं म्हणे, आणि पोटही जरा कमी कुरकुरतं).

पण अश्वगंधेची डबी तोवर आलेली होती, ती डॉक्टरांना विचारून त्याच आठवड्यात सुरू केली. दुपारनंतरची कॉफीही त्याच आठवड्यात बंद. तिन्ही एकदम, इथेच माझी चूक झाली.

सुरुवातीला चूर्ण घेतलं. नावात घोडा आहे तो उगाच नाही, वास खरंच तबेल्याचा, आणि कोमट पाण्यात टाकलं की वर गोळे तरंगतात, चमच्याने दाबले तरी फुटत नाहीत. चार दिवसांत कॅप्सूलवर आले, मुळाचा एक्स्ट्रॅक्ट, 300 मिग्रॅ दोनदा. घेताना लेबल नीट वाचा, चूर्णाचे ग्रॅम आणि एक्स्ट्रॅक्टचे मिलिग्रॅम हा हिशोब एक नाही, आणि मूळ आहे की पानंही मिसळलीत, विथॅनोलाइड्स (अश्वगंधेतले मुख्य सक्रिय घटक) किती टक्के, हे लिहिलेलं नसेल तर मी तरी ती डबी ठेवून देईन.

पहिले महिनाभर काहीच नाही. सहाव्या आठवड्याच्या आसपास लक्षात आलं की आडवं झाल्यावर दिवसभराच्या मीटिंगा डोक्यात परत चालू होत नाहीयेत. या वनस्पतीच्या शास्त्रीय नावातलं ‘सोम्निफेरा’ म्हणजे झोप आणणारी, मग हिच्याकडून दिवसा चहासारखी तरतरी मागणंच चुकीचं ना. सकाळच्या डोसने उलट मी सुस्तच व्हायचे, म्हणून दोन्ही रात्री जेवणानंतर घेऊ लागले. रिकाम्या पोटी एकदाच घेतली, तासभर मळमळत होतं, पुन्हा ते धाडस केलं नाही.

चौथ्या महिन्यात एक विचित्र गोष्ट झाली. वर्षभर ज्यासाठी खपले ते काम मंजूर झालं, सगळे नाचतायत आणि मला ‘बरं’ एवढंच वाटलं. राग कमी झाला त्याबरोबर आनंदही गेला की काय असं वाटून पाचव्या महिन्यात चार आठवडे पूर्ण बंद ठेवली, आयर्न आणि कॉफीचा नियम मात्र तसाच चालू. झोप लागायला परत वीस-पंचवीस मिनिटं जास्त लागायला लागली, आणि हसू-राग जागेवर आले. पण दिवसाची ताकद? तसूभर कमी झाली नाही. म्हणजे मोजे अश्वगंधेने चढत नव्हतेच!

कॉफीचं म्हणाल तर कॅफीन अर्धं उतरायलाच साधारण पाच तास लागतात, मी संध्याकाळी पाचला मोठा मग प्यायचे, मग साडेदहाची ती तरतरी कुठून येत होती ते उघड आहे. सोडताना तीन दिवस डोकं मात्र भयंकर दुखलं.

‘नैसर्गिक आहे, काय होणारे’ हे मला आता ऐकवत नाही. अश्वगंधेने लिव्हरला त्रास झाल्याच्या केसेस नोंदलेल्या आहेत, थोड्या आहेत पण आहेत, आणि डेन्मार्कने तर हार्मोनवर परिणाम होईल या शंकेने 2023 मध्ये बंदीच घातली. मी तिसऱ्या महिन्यात लिव्हरची टेस्ट करून घेतली, नॉर्मल आली. थायरॉईडच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील तर विचारल्याशिवाय हात लावू नका, गरोदरपणात तर नकोच.

आता फेरिटिन 38 आहे, दोन महिन्यांनी परत तपासायचंय. डबीत वीसेक कॅप्सूल उरल्यात, डोकं फारच पळत असेल त्या आठवड्यात रात्री एक घेते. संपल्या की नवी मागवणार नाहीये.