तळपायाने तपासलेला झाडू-रोबो

लादी स्वच्छ झाली का, हे मला तळपाय सांगतात. चाळिशी उलटल्यावर कथक शिकायला लागले, तेव्हापासून सकाळी हॉलमध्ये अनवाणी तत्कार, म्हणजे पायांच्या बोलांचा सराव, चालतो. चक्कर घेताना सगळा भार डाव्या टाचेवर. त्या टाचेखाली रव्याएवढा कण आला तरी तोल गेलाच. त्यामुळे घरी आलेला झाडू-पोछावाला रोबो याच परीक्षेला बसला.

कंपनीचं नाव लिहीत नाही. 25,000 रुपयांच्या आत मिळणारा, डोक्यावर लेसरचा छोटा घुमट असलेला प्रकार आहे, एवढं पुरे. हा लेसर गोल फिरतो, भिंतींवरून परत येणाऱ्या किरणांवरून अंतर मोजतो आणि पहिल्याच फेरीत घराचा नकाशा फोनवर काढून देतो. त्यामुळे अंधारातही काम थांबत नाही. 2002 मध्ये आलेला पहिला रूम्बा नावाचा झाडू-रोबो सोफ्याला धडकून दिशा बदलायचा, आजही स्वस्तातली यंत्रं तेच करतात. हा मात्र शेत नांगरावं तशा सरळ ओळी घालत जातो. पहिल्या दिवशी सासूबाई आणि मी सोफ्यावर पाय वर घेऊन नुसत्या बघत बसलो होतो. 'अगं, परत वळला बघ!' हे त्यांनी कितीदा म्हटलं असेल!

कोरड्या झाडूला पैकीच्या पैकी. आमचं घर रस्त्यालगत, त्यात यजमानांना पुस्तकांचा नाद. जुन्या पुस्तकांची पानं पिवळी पडली की कडा झडायला लागतात आणि तो तपकिरी चुरा कपाटाखाली साठतो. तिथे आमच्याकडे फक्त दसऱ्याच्या आधी झाडू जायचा, आता रोज जातो. घ्यायच्या आधी एक करा: पट्टी घेऊन फर्निचरच्या खालची मोकळी उंची मोजा. घुमटामुळे याला 10 सेंटिमीटर तरी लागतात. आमच्या पुस्तकांच्या कपाटाखाली तो आरामात शिरतो, दिवाणाखाली अडतो.

जमिनीवरचे पुस्तकांचे गठ्ठे त्याला भिंतच वाटतात. दिवाळी अंक घरात आले आणि नकाशावरचा हॉल चक्क अरुंद झाला. ते चित्र यजमानांना दाखवलं. इतकी वर्षं माझ्या बोलण्याने जे झालं नव्हतं ते त्या नकाशाने झालं, गठ्ठे उचलले गेले आणि मला गतनिकासाला, म्हणजे कथकातल्या डौलदार चालीला, सरळ रेषेत जागा मिळाली.

पोछा मात्र यथातथाच. मागे लावलेलं ओलं फडकं तो ओढत नेतो, घासत नाही. पायांचे ठसे जातात. सांडलेल्या चहाचा चिकट डाग तसाच राहतो आणि दुसऱ्या दिवशी तळपायाला बरोबर लागतो. टाकीत फिनाईल घालायचं नाही, साधं पाणीच. फिरत्या गोल फडक्यांची महाग मॉडेलं बरी पुसत असतील, पण तेवढे पैसे मी तरी पोछ्याला घालणार नाही. कोपरेही राहतात. आमच्या मावशींनी पहिल्याच दिवशी दाराचा कोपरा बोटाने पुसून दाखवला आणि 'हे इथे जात नाही वाटतं' असं समाधानाने म्हणाल्या. पुसणं आणि कोपरे त्यांच्याकडेच आहेत.

दोरी दिसली की हा गिळतो. सतरंजीच्या दशा, चार्जरची वायर, एकदा तर माझ्या घुंगरांची दोरी! ब्रशमधून ती गुंडाळी सोडवताना कात्री घ्यावी लागली. घुंगरू आता खुंटीवर. काळ्या गालिच्यावर तो जातच नाही. जिन्यावरून पडू नये म्हणून पोटाखाली इन्फ्रारेड सेन्सर असतात, ते न दिसणारा प्रकाश जमिनीवर सोडून तो परत येतो का बघतात. काळा रंग तो प्रकाश शोषून घेतो, परत काही येत नाही, मग याला तिथे खड्डा वाटतो. देवघरासमोर मी अ‍ॅपमध्ये लाल चौकट ओढून प्रवेशबंदी केली आहे, नाहीतर समईचं तेल घरभर नेलं असतं. जोडणीच्या वेळी वाय-फाय 2.4 गिगाहर्ट्झवर ठेवा. 5 वर आमचा जोडलाच जात नव्हता आणि मदतकेंद्रातल्या मुलाला ते सांगता येईना.

जाहिरातीत पास्कलचे, म्हणजे कचरा ओढून घेण्याच्या ताकदीचे, मोठमोठे आकडे असतात. साध्या टाइल्सच्या घरात त्यांच्यामागे धावू नका, ती ताकद गालिच्यांसाठी. त्यापेक्षा फिल्टर आणि बाजूचा ब्रश सुटा मिळतो का ते बघा. धुतलेला फिल्टर पूर्ण वाळायला एक दिवस द्यावा लागतो. ओलाच बसवला तर कुबट वास येतो. मी दोन ठेवले आहेत, एक यंत्रात, एक दोरीवर वाळत.

पाचपैकी चार तारे. कापलेला तारा पोछ्याचा. खोल्याखोल्यांना दोन सेंटिमीटरपेक्षा उंच उंबरठे असतील, तर घेऊच नका.