बर्फाला सुळका आणणारा साधा ट्रे

नाशिकच्या भांडी बाजारात मिळणारा साधा, कडक प्लॅस्टिकचा आइस ट्रे घ्या. झाकणाचा नको, कारण झाकणाखाली गार हवा खेळत नाही. सिलिकॉनचा ट्रे बर्फ काढायला सोपा, पण भरून उचलला की मधोमध वाकतो आणि पाणी सांडतं.

या ट्रेमध्ये कधीकधी बर्फातून बोटाएवढा सुळका उभा राहतो. पाणी कडेकडून आणि वरून गोठत येतं, मध्ये छोटं भोक उरतं. गोठताना पाणी साधारण 9 टक्के फुगतं, आतलं पाणी त्या भोकातून वर ढकललं जातं आणि भोकाची कड गोठत गोठत नळी उंच होत जाते. शेवटी टोक बंद होतं.

सुळका हवा असेल तर डिस्टिल्ड वॉटरच वापरा. नळाच्या, त्यातही बोअरच्या पाण्यातले क्षार त्या अरुंद नळीत साठतात, तिथलं पाणी लवकर गोठत नाही आणि वाढ थांबते. आरओचं पाणी मधलं, कधी जमतं, कधी नाही. बॅटरीसाठीचं पाणी घेतलंत तर तो बर्फ सरबतात घालू नका.

फ्रीझर उणे 7 अंशांच्या आसपास उत्तम. नेहमीच्या उणे 18 ला भोक फार लवकर बुजतं, म्हणून नॉब कमी थंडीवर ठेवा, पण तेव्हा आत आइस्क्रीम नको. पंख्याचा फ्रॉस्ट-फ्री फ्रिज असेल तर ट्रे हवेच्या झोतात ठेवा. दार सारखं उघडू नका.

ट्रेला पाचपैकी साडेचार. अर्धा गुण कापला तो पातळ कडांसाठी, पिळताना त्या तडकतात.