फ्रेडी मर्क्युरी: कुठला माहितीपट आधी बघाल?

एका रात्रीत एकच बघणार असाल, तर २०१२ चा ‘द ग्रेट प्रिटेंडर’ लावा. फ्रेडी जिथे शाळेत होता त्या पाचगणीच्या ओढीने बघणार असाल, तर मात्र २००० सालच्या ‘द अनटोल्ड स्टोरी’ला पर्याय नाही.

‘अनटोल्ड स्टोरी’ रुडी डोलेझाल आणि हानेस रोसाकर या ऑस्ट्रियन जोडीचा. फ्रेडी ज्यात गायचा त्या क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचे कितीतरी व्हिडिओ त्यांनीच केलेले, त्यामुळे घरच्यांचा विश्वास होता. आई जेर बुलसारा, बहीण कश्मिरा, एके काळची प्रेयसी आणि पुढे जिवलग मैत्रीण मेरी ऑस्टिन मोकळेपणी बोलतात. झांझिबारचं पारशी घर, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेचं बोर्डिंग, तिथला ‘द हेक्टिक्स’ हा पोरांचा बँड, झांझिबारमधल्या १९६४ च्या क्रांतीनंतर गाठलेलं इंग्लंड, सगळं ओळीने येतं. खटकतात ती नटांकडून करवून घेतलेली बालपणीची दृश्यं. आई समोर बसून सांगत असताना त्यांची गरजच काय होती?

ऱ्हीस थॉमसने बीबीसीसाठी केलेला ‘ग्रेट प्रिटेंडर’ बालपण झटक्यात उरकतो आणि क्वीनबाहेरच्या फ्रेडीवर ठाण मांडतो. इथे जुन्या मुलाखतींमधला फ्रेडी स्वतः बोलतो, आणि तेच या माहितीपटाचं बळ. हसताना तो वरचा ओठ खाली ओढून दात झाकतो, ते नीट बघा. याच पुढे आलेल्या दातांवरून शाळेत त्याला ‘बकी’ म्हणायचे. १९८५ चा ‘मिस्टर बॅड गाय’ हा एकट्याचा अल्बम क्वीनच्या मानाने फिका पडला. ते अपयशही इथे झाकलेलं नाही.

पण खरी मजा ‘बार्सिलोना’ या मोन्सेरात काबायेसोबतच्या अल्बमच्या भागात. काबाये म्हणजे ऑपेरा गायिकांमधलं केवढं मोठं नाव! १९८७ मध्ये बार्सिलोनातल्या हॉटेलात तिची पहिली भेट झाली, तेव्हा स्टेडियमं हलवणारा हा गडी धास्तावलेला होता. पुढे लंडनच्या घरी, माइक मोरान पियानोवर, दोघं पहाटेपर्यंत गात बसले. क्वीनच्या मैफली बघायला आलेल्याची मात्र इथे निराशा होईल, हे आधीच सांगतो.

तिसरा, २०२१ चा ‘द फायनल ॲक्ट’, शेवटचं आजारपण आणि २० एप्रिल १९९२ ची वेम्ब्लीची श्रद्धांजली मैफल यांवर आहे. तो या दोघांपैकी एक तरी बघून झाल्यावरच लावा. मेरी कोण, घरचे कोण हे माहीत नसेल तर अर्धा डोक्यावरून जाईल.