कवेलूचं छत, धंतोलीतलं घर आणि गिट्टीखदानचे मिस्त्री

आमचं घर नागपूरच्या धंतोलीत, १९३४ सालचं. सागवानाच्या कैच्या, म्हणजे छत पेलणारे त्रिकोणी सांगाडे, वर मंगलोरी कवेलू (कौलं), समोर व्हरांडा, मागे जाळी टाकलेली विहीर. गल्लीत अशी दोनच घरं उरलीत. बाकी दवाखाने, औषधांची दुकानं आणि फाटकासमोर कुणाच्या तरी पेशंटची गाडी. दर दिवाळीला कुणी ना कुणी येऊन सांगतं, "वहिनी, देऊन टाका. दोन फ्लॅट मिळतील, वरून पैसे." त्यांना चहा देते, घर देत नाही. ज्यांच्याकडे असं घर आहे आणि दुरुस्तीला माणूस मिळत नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

२३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे नागपुरात काही तासांतच शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळला आणि अंबाझरी तलावाचं पाणी नाग नदीतून शहरात शिरलं, ते सगळ्यांना आठवत असेल. आमचा रस्ता वाचला, पण झोपायच्या खोलीत पलंगाच्या बरोब्बर मधोमध धार लागली. नंतर एक वॉटरप्रूफिंगवाला आला. खालूनच मोबाइलवर फोटो काढले आणि म्हणाला, सगळं उतरवा, पत्रा टाका, खाली पीओपी करून देतो. दुसऱ्याला कवेलूंवर केमिकलचा थर मारायचा होता. म्हणजे एक कवेलू फुटलं की सगळा थर सोलत बसा. दोघांनाही नमस्कार केला.

हे मिस्त्री सापडले लकडगंजात. आरामशीनवर सागवानाच्या रिपांचा (कवेलू अडकवायच्या आडव्या पट्ट्यांचा) भाव विचारायला गेले होते, तिथल्याच एका सुताराने नंबर दिला. राहतात गिट्टीखदानला, सोबत मुलगा आणि दोन हेल्पर. नाव-नंबर मी इथे टाकत नाही, त्यांनीच नको म्हटलं. फोन वाढले की काम बिघडते, असं त्यांचं म्हणणं. धंतोलीत जुन्या घरवाल्यांना विचारलं तर कळेल.

पहिल्या दिवशी ते छतावर चढलेच नाहीत. टॉर्च घेऊन माळ्यावर गेले आणि पेचकसाच्या मुठीने एकेक वासा ठोकत फिरले. धड लाकूड टणटण वाजतं, पोखरलेलं भदभद. मग मला वर बोलावलं. "काकू, पानी जिथं टपकून राह्यलं ना, तिथं भोक नसते." खरंच, पलंगावरची धार सुरू होत होती चांगली आठ फूट दूर, दोन छतं मिळतात त्या पन्हाळीत. तिथला जस्ती पत्रा गंजून चाळणी झाला होता. पाणी वाशाच्या पोटावरून घरंगळत येऊन एका गाठीपाशी थबकायचं आणि तिथून खाली पडायचं. त्या वाशाचं भिंतीतलं टोक वाळवीने खाल्लेलं. आजवर दोनदा पलंगाच्या वरची कवेलू बदलली गेली होती, ती धडधाकटच होती म्हणायची!

खरी हुशारी मात्र पुढे दिसली. रिपा नव्या ठोकायच्या होत्या. मिस्त्रींनी टेप बाजूला ठेवला आणि आमची जुनी कवेलूच मापाला घेतली. मंगलोरी कवेलूच्या मागच्या बाजूला टोचे असतात, ते रिपेत अडकतात, आणि कडेच्या खाचा शेजारच्या कवेलूत बसतात. दोन कारखान्यांची कवेलू दिसायला सारखी, पण खाच एकमेकांत बसेलच असं नाही. अंतर बोटभर चुकलं तरी फट राहते आणि वाऱ्याचा पाऊस आत येतो. म्हणून त्यांनी सगळी कवेलू उतरवून पाठीवरचे शिक्के बघितले, कारखान्याप्रमाणे अंगणात वेगळे ढीग लावले आणि एका उतारावर एकाच शिक्क्याची चढवली. कमी पडली ती पाडकाम चाललेल्या एका घरून आणली. आढ्यावरची अर्धगोल कवेलू चुन्यात बसवली. मी सिमेंटचं विचारलं, तर म्हणाले, "सिमेंट उन्हात तडकते, अन् उद्या कवेलू काढाल तर फोडूनच काढावं लागते." लाकडाला जळलं ऑइल लावायची त्यांची पद्धत आहे, ती मी मोडून काढली. घरात वर्षभर गॅरेजचा वास कोण घेईल? त्याऐवजी जवसाचं तेल लावून घेतलं. थोडी कुरकुर केली, पण लावलं.

खर्च पावणेदोन लाखांच्या आसपास गेला, त्यात सगळ्यात मोठा आकडा सागवानाचा. पत्र्याच्या कोटेशनपेक्षा जास्तच. पण नागपूरच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली राहून बघा एकदा. २३ मे २०१३ला इथे ४७.९ अंश झालं होतं, तेव्हाही आम्ही याच छताखाली होतो. दुपारी कवेलूही तापतंच, त्याचं फार कौतुक करू नये. लाकडी सिलिंग आणि खसाचा कूलर हवाच. पण पातळ असल्याने दिवे लागणीनंतर लवकर निवतं. समोरच्या इमारतीतले लोक स्लॅबवर रात्री दहाला पाइपने पाणी मारत असतात.

आता तक्रारी. वेळ पाळत नाहीत, अजिबात नाही. नातेवाइकाचं लग्न निघालं आणि अर्धं छत ताडपत्रीखाली ठेवून सगळी टोळी गावाला. ताडपत्री आमचीच, तीही त्यांच्याकडे नसते. रंगकाम त्यांना देऊ नका, दारांना पॉलिश म्हणून जे फासलं ते मी नंतर घासून काढवलं. पावती मागितली तर वहीचं पान मिळतं. वानरांचा उपाय त्यांच्याकडेही नाही. एक टोळी छतावरून गेली की चार-सहा कवेलू गेलीच समजा, म्हणून उरलेली मी विहिरीपाशी रचून ठेवली आहेत.

जागा नझूलची, म्हणजे सरकारने पट्ट्याने दिलेली असेल तर काम काढायच्या आधी पट्ट्याचे कागद एकदा बघून घ्या. तीस वर्षांचा पट्टा असतो, नूतनीकरण राहून गेलेलं निघतं आणि मग घरावर पैसे लावायचा जीव होत नाही. आमचं ते काम माझ्या सासऱ्यांनी नीट करून ठेवलं होतं.

त्यानंतरचे पावसाळे कोरडे गेले. पन्हाळीत कडुलिंबाचा पाला अडकतो, तेवढा जूनच्या आधी काढावा लागतो. पाचपैकी चार द्यायला हरकत नाही, एक वेळेपायी कापला. बोलवायचं असेल तर संक्रांतीनंतर लगेच सांगून ठेवा. अक्षय्य तृतीया झाली की अख्ख्या शहराला कवेलू फेरायची असतात आणि मिस्त्री फोन उचलत नाहीत.