पट्टणकोडोलीची घोंगडी : दोन हिवाळे अंगावर घेऊन झाल्यावर

कोल्हापूर जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत मी ही काळी घोंगडी २८०० रुपयांना घेतली. भंडाऱ्यानं अख्खा रस्ता पिवळा झालेला आणि एका कडेला विणकर मामा घड्यांची थप्पी लावून बसलेले. त्याआधी शहरातल्या एका दुकानातून 'अस्सल' म्हणून आणलेली घोंगडी दुसऱ्याच पावसाळ्यात गोळे धरून विरली होती. म्हणून मामांनाच विचारलं, ओळखायची कशी? त्यांनी कडेचा एक धागा उपसला आणि काडी ओढली. केस जळल्यासारखा वास आला, राख चिमटीत चुरली. "मिलावट असती तर वितळून मणी झाला असता," म्हणाले. घेताना एवढं एक जरूर करा.

त्यानंतर ही घोंगडी लेसोथोला गेली. मी सर्व्हेचं काम करतो. मोखोटलाँग जिल्ह्यात, पोलिहाली धरणाच्या भागातल्या एका रस्त्याच्या कामावर मी दोन वर्षं होतो. चारही बाजूंनी दक्षिण आफ्रिका आणि मध्ये हा डोंगरी देश. त्याची सगळ्यात सखल जागासुद्धा १४०० मीटरवर. आमच्या जिल्ह्यातलं थबाना एन्टलेन्याना शिखर तर ३४८२ मीटर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून जास्त. तिथला हिवाळा जून ते ऑगस्ट. आई फोनवर पंचगंगेच्या पुराची, राजाराम बंधाऱ्याच्या पाण्याची पातळी सांगायची, तेव्हा माझ्या खिडकीबाहेर बर्फ पडत असायचा.

घोंगडीची खरी परीक्षा घेतली ती तिथल्या एका पोरानं. मेंढरं राखणारा, असेल बारा-तेरा वर्षांचा. अशा पोराला तिथं मोदिसाना म्हणतात. तिथल्या सेसोथो भाषेत लिहिताना 'ल' असतो, पण 'इ' आणि 'उ'च्या आधी त्याचा उच्चार 'द' होतो, हेही मला त्यानंच शिकवलं. 'लुमेला' असं वाचून मी नमस्कार केला तर तो पोट धरून हसला आणि 'दुमेला' म्हणेपर्यंत त्यानं मला वाटेतून हलू दिलं नाही. त्याचं नाव इथं लिहीत नाही. मी त्याला बारक्या म्हणायचो आणि तो त्या हाकेला ओ द्यायचा.

आमची ओळख भांडणातून झाली. सर्व्हेसाठी लाल फिती बांधून सकाळी ठोकलेल्या खुंट्या दुपारी जागेवर नसायच्या. तीन दिवस मी मजुरांवर ओरडलो. चौथ्या दिवशी समोरच्या उतारावरून एक बोकड आला, त्याच्या दोन्ही शिंगांना माझ्या लाल फिती बांधलेल्या. मागं अंगभर ब्लँकेट, पायात गमबूट, हातात काठी, आणि चेहरा असा की जणू बोकडच फिती चोरून आला. मला राग आला होता, पण ती गाठ इतकी नीट मारलेली होती की मी आधी ती बघत राहिलो.

त्यानंतर खुंट्या शाबूत ठेवण्याच्या बदल्यात रोज एक डाव ठरला. सपाट दगडावर कोरलेली तीन चौकटींची आखणी बघितली आणि मला आमच्या गल्लीतला कट्टा आठवला. आपली नवकंकरीच! ते तिला मोराबाराबा म्हणतात. आपल्या नऊ सोंगट्या, त्यांच्या बारा, आणि त्यांना म्हणायचं दिखोमो, म्हणजे गाई. तीन गाई ओळीत आल्या की समोरच्याची एक मारायची. बारक्या मेंढरांकडं बोट दाखवून माझी मान वळवायचा आणि तेवढ्यात एक गाय सरकवायचा. मी पकडलं की शपथा घ्यायचा. दोन वर्षांत मी फार थोडे डाव जिंकलो.

घोंगडी त्यानं पहिल्यांदा पाहिली तेव्हा चिमटीत धागा घेऊन ओढला, दाताखाली धरला, आणि कपाळाला दोन बोटं लावून बकरीचा आवाज काढला. ही मेंढीची नाहीच, असं त्याचं ठाम मत. त्याची मेंढरं मेरिनो जातीची, लोकर लोण्यासारखी मऊ. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर राठ, केसाळ. मोबाईलवर आपल्या काळ्या, बाकदार नाकाच्या मेंढीचा फोटो दाखवला तेव्हा कुठं पटलं.

मग गारांचा पाऊस आला. त्याचं ब्लँकेट खांद्यावर पिनेनं अडकवलेलं, उबेला उत्तम, पण डोकं उघडं. मी आपल्या धनगरांसारखी घोंगडीची खोळ करून डोक्यावर घेतली आणि त्याला आत ओढलं. तो एक कोकरूही आत घेऊन आला. अर्धा तास आम्ही तिघं तसेच बसलो. बाहेरून घोंगडी थबथबली, पण आत पाठ कोरडी राहिली. राठ लोकरीचा आणि घट्ट विणीचा हाच फायदा. मऊ शालीनं पाच मिनिटांत पाणी प्यायलं असतं. दुसऱ्या दिवसापासून ढग आले की तो माझ्या घोंगडीखाली हक्कानं यायचा.

आता दोष. टोचते. बिनबाह्यांच्या बनियनवर घेऊ नका. ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ असते म्हणून पहिले काही महिने कडक वाटते, वापरून वापरून तो कडकपणा मोडतो. भिजली की मेंढराचा उग्र वास सुटतो आणि वाळायला दोन-तीन दिवस लागतात. नुसती घडी घालून ठेवली तर कसर लागते. कडुलिंबाचा पाला घाला आणि अधूनमधून उन्हं दाखवा.

वाळवायचं म्हणून बारक्यानं एकदा ती शेकोटीजवळ टांगली. शेणाच्या ढेपळांची आग, ठिणगी उडाली, आणि तळहाताएवढं भोक पडलं. घोंगडी घेऊन तो डोंगरातल्या मोतेबोवर गेला. मोतेबो म्हणजे जनावरांचा उन्हाळी तळ, आपल्या धनगरांच्या वाड्यासारखा. आठ दिवस खाली उतरलाच नाही. माझी घोंगडी गेली, असं सगळे म्हणत होते. मलाही तसंच वाटलं, हे मला अजून बोचतं.

नवव्या दिवशी तो आला आणि घोंगडी माझ्या पायाशी टाकून लांब उभा राहिला. भोक बुजवलेलं होतं. अंगोरा शेळीच्या केसांचा धागा स्वतः हातानं वळून, काळ्यावर पांढरा, उभा-आडवा रफू. शाळेत न गेलेलं पोर, वर्षभर राबल्यावर मेंढ्यांच्या रूपात मजुरी घेणारं. तो धागा वळायला त्याला किती संध्याकाळी लागल्या असतील!

परत आल्यावर या खेपेच्या यात्रेत मी ती घोंगडी त्याच मामांसमोर अंथरली. बाकी वीण कुठंही सैल नाही, काठ शाबूत, रंग तसाच, कारण तो मेंढीचाच आहे. मामांनी मात्र तेवढ्या पांढऱ्या ठिगळावर बराच वेळ अंगठा फिरवला. "हात बसलेला नाही, पण पीळ पक्का आहे. कुणाचं काम?" मी सगळं सांगितलं. काळ्या धाग्यानं नवं रफू करून देऊ का, असं त्यांनी विचारलं. मी नको म्हणालो.

दुसरी घोंगडी तिथंच सांगितली. मोखोटलाँगला जाणारा सहकारी डिसेंबरात निघतोय, तोवर तयार होईल असं मामा म्हणाले. मोठ्या माणसाची की पोराची, म्हणून त्यांनी माप विचारलं. मी हात छातीशी धरला. मग दोन वर्षं मोजली आणि हात खांद्याच्या वर नेला.