गुण पीसीचे, डिस्क पीएस-फोरची

ज्या गेमपायी माझे ३,९९९ रुपये गेले त्याचं नाव इथे देत नाही. त्याचं परीक्षण करणाऱ्या यूट्यूब चॅनलचं आणि विक्रेत्याचंही नाही. नाव घेतलं की चर्चा हमखास "गेम मुळात चांगलाच आहे, तुमचा कन्सोल जुना" या वळणावर जाते आणि तिथेच रुतते. मला सांगायची आहे ती पद्धत: गुण एका यंत्रावरच्या गेमचे दाखवायचे, विकायचा दुसऱ्या यंत्राचा. ती एका गेमपुरती नाही, आणि पुढच्या मोठ्या रिलीजच्या आठवड्यात तुमच्याही वाट्याला येऊ शकते.

माझ्याकडे पीएस-फोर आहे, सोनीचा जुना गेम कन्सोल. साधा, प्रो नव्हे. पीएस-फाइव्हचा विषय आमच्या घरात दर दिवाळीला निघतो आणि दिवाळीतच संपतो. खेळायला जोडीला बहिणीचा मुलगा. या गेमची जाहिरात वर्षभर चालली होती, पण परीक्षणं आली ती रिलीजच्या अगदी तोंडावर, एकाच रात्री, सगळी एका दमात. भाच्याने लगेच लिंक पाठवली. "मामा, साडेनऊ दिलेत बघ. हा माणूस उगाच कुणाची तारीफ करत नाही." चॅनल हिंदीतलं, मधूनमधून मराठी टोमणे, सबस्क्रायबर लाखांत. व्हिडिओत पावसाने भिजलेले रस्ते, खिडक्यांतली प्रतिबिंबं, कुठेही अडखळत नाही असं चित्र. शेवटी साडेनऊ, "डे वन घ्या" (म्हणजे पहिल्याच दिवशी) आणि खाली खरेदीची लिंक. लिंकवर पीएस-फोरचा डबा विकायला होता. तो मागवला.

डिस्क घातली की आधी भलामोठा पॅच, म्हणजे दुरुस्तीची फाइल, उतरवायचा, हे आता अंगवळणी पडलंय. त्यानंतर जे पडद्यावर आलं ते व्हिडिओतल्या गेमचं गरीब भावंडसुद्धा वाटलं नसतं. माणसं आधी चेहऱ्याविना यायची, मग सावकाश नाक-डोळे उमटायचे. गाडी जरा वेगात घेतली की पुढचा रस्ताच तयार नसायचा. आणि दर थोड्या वेळाने पीएस-फोर वापरणाऱ्या प्रत्येकाला तोंडपाठ असलेला तो एरर: सीई-३४८७८-०, गेम बंद. एकदा तर सेव्ह केलेला खेळही त्यात गेला.

विक्रेत्याला फोन केला. "सर, सील ओपन झालंय ना? मग रिटर्न नाही होणार. डिस्क खराब असेल तर बदलून देतो." दुसरी डिस्क आलीही. तिच्यातही अर्थातच तोच गेम होता. डिस्क खराब नव्हती, गेम खराब होता, आणि त्यासाठी त्यांच्या फॉर्ममध्ये रकाना नव्हता.

मग तोच व्हिडिओ पुन्हा लावला, या वेळी थांबवत थांबवत. पहिल्या काही सेकंदांत कोपऱ्यात बारीक अक्षरं होती: पीसी. बरीचशी दृश्यं प्रकाशकाच्या ट्रेलरमधली, त्याच कोनातून घेतलेली. वर्णनात "आणखी दाखवा" दाबल्यावर खुर्चीची लिंक, हेडसेटची लिंक, डिस्कॉर्डची लिंक, मग हॅशटॅगची रांग, आणि त्या रांगेत मधेच एक 'पार्टनर'. मी कमेंटमध्ये विचारलं, पीएस-फोरवर चालवून बघितला होता का? उत्तर आलं, "भाई, कोड सिर्फ पीसी का मिला था." (कोड म्हणजे परीक्षणासाठी कंपनीकडून मिळालेली प्रत.) दुसऱ्या दिवशी माझा प्रश्नही नव्हता आणि त्याचं उत्तरही नव्हतं.

इथे नीट लक्ष द्या. त्याने दिलेले साडेनऊ खोटे होते असं मला म्हणताच येत नाही. महागड्या ग्राफिक्स कार्डावर तो गेम साडेनऊच्या लायकीचा असेलही. फक्त तो आकडा मला विकलेल्या वस्तूचा नव्हता. बिल्डर सॅम्पल फ्लॅट दाखवतो आणि ताबा दुसऱ्याच विंगमधल्या घराचा देतो, तसाच हा प्रकार. सॅम्पल फ्लॅटची तारीफ करणाऱ्याला तुम्ही खोटारडा ठरवू शकत नाही, आणि सगळी चलाखी नेमकी तिथेच आहे.

ही चलाखी सर्वात उघडपणे, साऱ्या जगासमोर झाली ती 'सायबरपंक २०७७'च्या वेळी. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडचा हा गेम तीनदा पुढे ढकलला जाऊन अखेर १० डिसेंबर २०२० रोजी आला. रिलीजआधीच ८० लाख प्रतींची नोंदणी झाली होती. परीक्षणं ७ डिसेंबरला प्रसिद्ध झाली, पण परीक्षकांना आधी दिलेली प्रत फक्त पीसीची. स्वतः खेळताना रेकॉर्ड केलेलं चित्रण रिलीजपूर्वी दाखवायला मनाई, व्हिडिओत कंपनीने पुरवलेली दृश्यंच वापरायची. समीक्षकांच्या गुणांची सरासरी लावणाऱ्या मेटाक्रिटिक या साइटवर सुरुवातीला आकडा शंभरपैकी नव्वदच्या आसपास होता. मग लोकांच्या घरी पीएस-फोर आणि एक्सबॉक्स वनच्या डिस्क पोचल्या. गर्दीच्या चौकात सेकंदाला ३० चित्रांऐवजी २०पेक्षाही कमी, वर सतत बंद पडणं. कन्सोलची परीक्षणं आली तेव्हा पीएस-फोरचा आकडा ५७वर गेला, पीसीचा ८६च्या घरात राहिला. एकाच नावाच्या दोन गेममध्ये जवळजवळ तीस गुणांचं अंतर!

कंपनीने १४ डिसेंबरला जाहीर माफी मागितली. जुन्या कन्सोलवरचा खेळ आधी दाखवला नाही, त्यामुळे ग्राहकांना विचार करून निर्णय घेता आला नाही, हे त्यांनीच कबूल केलं आणि पैसे परत देण्याची तयारी दाखवली. सोनीने तर गेम प्लेस्टेशन स्टोअरवरून काढूनच टाकला. तो परत आला २१ जून २०२१ रोजी. ओपनक्रिटिक या गुणसंकलन करणाऱ्या साइटने गेमच्या पानावर वाचकांना सावध करणारी सूचना लावली. गुंतवणूकदारांनी अमेरिकेत दावा ठोकला आणि तो १८.५ लाख डॉलरवर मिटला. समभाग घेणाऱ्याला फसवलं तर वकील उभे राहतात. डिस्क घेणाऱ्याला फसवलं तर तो रांगेत उभा राहतो, एवढाच काय तो फरक.

याचं शेपूट कमी लोकांना माहीत आहे. २०२३मध्ये २.० अपडेट आणि 'फँटम लिबर्टी' हा जोडभाग आला, गेम एकदम सुधारला, सगळीकडे वाहवा झाली. ते पीएस-फोर आणि एक्सबॉक्स वनवर आलंच नाही. म्हणजे आज एखाद्याने "आता मस्त झालाय" हे ऐकून जुन्या कन्सोलसाठी स्वस्तात डिस्क उचलली, तर तो पुन्हा दुसऱ्याच वस्तूचे गुण वाचून पैसे देतोय. सेकंडहँड बाजारात हे सर्रास चालतं. विकणाराही "रिव्ह्यू बघा ना" म्हणतो, आणि त्याचंही चूक नसतं.

पैसे घेऊन केलेल्या तारीफेकडे येतो. हे काही आपल्याकडचं नवं खूळ नाही. 'मिडल-अर्थ: शॅडो ऑफ मॉर्डॉर' २०१४मध्ये आला तेव्हा वॉर्नर ब्रदर्सने यूट्यूबवाल्यांना पैसे देऊन व्हिडिओ करून घेतले होते. २०१६मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ते प्रकरण उघड केलं. अटी काय, तर गेमबद्दल वाईट बोलायचं नाही आणि त्यातले बग, म्हणजे बिघाड, दाखवायचे नाहीत. पैसे घेतल्याचा उल्लेख कुठे करायचा? वर्णनाच्या चौकटीत. बहुतेकांचा तो "आणखी दाखवा"च्या खाली, न दिसणाऱ्या भागात गेला. माझ्या साडेनऊवाल्याने काहीही नवीन शोधलेलं नव्हतं.

त्यातही 'वाईट बोलू नका' या अटीपेक्षा 'बग दाखवू नका' ही अट मला जास्त विषारी वाटते. तारीफ ऐकताना आपण थोडी वजावट धरतोच. जे दाखवलंच नाही त्याची वजावट कशी धरणार?

गुण देणाऱ्यावर दबाव येतो तो वेगळाच. गेमस्पॉटच्या जेफ गर्स्टमनने २००७मध्ये 'केन अँड लिंच' या गेमला दहापैकी ६ गुण दिले, तेव्हा साइटवर त्याच गेमच्या जाहिराती झळकत होत्या. त्याची नोकरी गेली, आणि त्यामागे जाहिरातदारांचा दबाव होता हे त्याला मोकळेपणाने सांगता आलं ते २०१२मध्ये. दुसऱ्या टोकाला 'फॉलआउट: न्यू वेगास'. मेटाक्रिटिकवर ८५ मिळाले तर तो बनवणाऱ्या ऑब्सिडियन स्टुडिओला बोनस, असा करार होता. गेम अडकला ८४वर. एका गुणावर पगार अवलंबून असतील तर त्या गुणासाठी किती जण काय काय करत असतील, याचा अंदाज करा.

आणखी एक प्रकार, जो मला सगळ्यात कावेबाज वाटतो: गुण मिळाले की गेम बदलायचा. 'ग्रान टुरिस्मो ७' ४ मार्च २०२२ला आला, समीक्षकांनी त्याला ८७ गुण दिले. दोन आठवडेही होत नाहीत तोच अपडेटमधून शर्यती जिंकल्यावर मिळणारी बक्षिसाची रक्कम बऱ्याच ठिकाणी कमी केली. म्हणजे महागडी गाडी हवी असेल तर त्याच त्याच शर्यती धावत बसा, नाहीतर खऱ्या पैशाने क्रेडिट, म्हणजे खेळातलं चलन, विकत घ्या. वर एक दिवसाहून जास्त सर्व्हर बंद. खेळाडूंनी मेटाक्रिटिकवर आपले वेगळे, दहापैकी असलेले गुण दोनच्याही खाली ओढले, तेव्हा निर्मात्यांनी माफी मागून दहा लाख क्रेडिट भरपाई दिली आणि बक्षिसंही वाढवली. पण समीक्षकांचे ८७ आजही तिथेच आहेत, जो गेम दोन आठवडे होता त्याचे.

आता मी काय बघतो ते सांगतो. मेटाक्रिटिकवर प्रत्येक यंत्राचं वेगळं पान असतं आणि किमान चार परीक्षणं आल्याशिवाय तिथे आकडा लागत नाही. पीसीच्या पानावर डझनावारी परीक्षणं आणि आपल्या कन्सोलचं पान रिकामं, असं रिलीजच्या दिवशी दिसलं तर ते रिकामं पान हेच उत्तर समजावं. कंपनीने तुमची आवृत्ती कुणाच्या हातात दिलेली नाही. डिजिटल फाउंड्रीसारखे लोक यंत्रागणिक मोजून दाखवतात, त्यांचा व्हिडिओ येईपर्यंत मी हात बांधून बसतो. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात परीक्षणाशेजारी खेळलेले तास दिसतात, गेम फुकट मिळाला असेल तर तसा शेराही असतो. पीसीवाल्यांना स्टीममध्ये एक मोठी सोय आहे: खरेदीपासून १४ दिवस आणि दोन तासांपेक्षा कमी खेळ, तर पैसे परत. 'द डे बिफोर' हा गेम ७ डिसेंबर २०२३ला आला आणि चारच दिवसांत स्टुडिओने गाशा गुंडाळल्याचं जाहीर केलं, तेव्हा स्टीमच्या परताव्यामुळेच लोक वाचले. प्लेस्टेशन स्टोअरवर मात्र डाउनलोड सुरू केलं की, गेम सदोष असल्याशिवाय, परताव्याचा हक्क संपतो. आणि प्री-ऑर्डरचं आमिष, ती सोनेरी बंदूक आणि जादाचा पोशाख, हे सगळं परीक्षणं येण्याआधी पैसे काढण्यासाठीच असतं.

तक्रारीचं म्हणाल तर आपल्याकडे नियम आहेत आणि ते बरेच स्पष्ट आहेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचना आणि ग्राहक खात्याने जानेवारी २०२३मध्ये इन्फ्लुएन्सरसाठी काढलेली माहितीपुस्तिका सांगतात की पैसे किंवा फुकट वस्तू घेतली असेल तर ते ठळक सांगायचं, हॅशटॅगच्या गर्दीत लपवायचं नाही, आणि व्हिडिओ असेल तर व्हिडिओतच सांगायचं, नुसतं वर्णनात नाही. दंड १० लाखांपर्यंत, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. विक्रेत्यासाठी २०२०चे ई-कॉमर्स नियम आहेत. वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितलेली वैशिष्ट्यं तिच्यात नसतील, तर परत घ्यायला नकार देता येत नाही. "सील ओपन झालंय" हे त्यावरचं उत्तर होऊ शकत नाही.

मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली. सोबत बिल, एररचे फोटो, डब्यावरच्या जाहिरातीतली वाक्यं आणि आमच्या टीव्हीवरच्या खेळाचं चित्रण. हेल्पलाइन निकाल देत नाही, कंपनीकडे तक्रार पोचवते आणि उत्तर मागते, हे आधीच समजून घ्या. तिथे जमलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या अर्ज करता येतो. माझ्या बाबतीत तिथवर जावं लागलं नाही. ई-कॉमर्स नियमाचा उल्लेख तक्रारीत होता म्हणून असेल कदाचित, पण "रिटर्न नाही होणार"वाले सर अचानक मऊ झाले. रोख मात्र नाही दिली. कुरिअरचा खर्च कापून स्टोअर क्रेडिट दिलं, त्यात मी एक कंट्रोलर घेतला.

चॅनलविरुद्धची तक्रार वेगळी केली आहे, तिचं अजून काही कळलेलं नाही. त्याने दरम्यान वर्णन बदलून 'पेड पार्टनरशिप' ही ओळ सगळ्यात वर आणली. भाच्याने जुन्या वर्णनाचा स्क्रीनशॉट पहिल्याच संध्याकाळी, तारखेसकट, काढून ठेवला होता. तोच आता तक्रारीला जोडला आहे.